±१५ चा दिमाख

कार्बन-१४ कालमापनाची सारी अडचण म्हणे यंत्राची आहे. नवे प्रवेगक यंत्र आणा, ±१०० वर्षांची त्रुटी ±१५ वर उतरवा, जुन्या तारखा केराच्या टोपलीत टाका. विदर्भातल्या शिळावर्तुळांच्या काळाचा वाद मिटलाच म्हणून समजा! असा निकाल एका विद्वानांनी नुकताच देऊन टाकला. वकील, साक्षीदार, पुरावा कशाचीच गरज पडली नाही.

±१५ हा अणू किती काटेकोरपणे मोजले याचा दाखला आहे. तारीख त्यापुढची गोष्ट. मोजलेले वय वृक्षवलयांवरून बेतलेल्या आलेखावर लावून पाहावे लागते, आणि इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा आलेख जवळजवळ आडवा पडलेला आहे. हेच ते हालस्टाट पठार. वय २४५० आले, की त्रुटी ±३० असो वा ±१५, खरे साल साधारण इ.स.पू. ७५० ते ४१० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. विदर्भातल्याच नैकुंडची लोखंडाची भट्टी याच काळातली. मोजणी चौपट केली की त्रुटी निम्मी होते, कबूल. पठार मात्र तसूभरही हलत नाही.

शिवाय यंत्रात घालायचे काय? कोळसा. तो जुन्या सागाच्या गाभ्यातला असेल, तर गाभ्याचे वलय झाड तोडण्याच्या शेदोनशे वर्षे आधीचे असू शकते. त्यातून तो पडक्या घरातून काढून नव्या घराला लावलेल्या तुळईचा असला, तर बघायलाच नको. यंत्र त्या गाभ्याचे वय बिनचूक सांगेल, चूल कधी पेटली ते नाही. नमुना आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल असा धुऊनही मुळाचा बारीक तंतू राहून जातो. ४०,००० वर्षांच्या नमुन्यात १ टक्का आजचा कार्बन शिरला, तर वय सुमारे ३३,००० दिसते. सात हजार वर्षे गडप, आणि त्रुटीचा आकडा मात्र ऐटीत छापलेला!

अर्धायुष्य ५५६८ की ५७३०, हे शिळे भांडणही त्या विद्वानांनी जाताजाता उकरून काढले. वय ५५६८ धरूनच मांडायचे हा ठरलेला संकेत आहे, आणि अंशांकनात तो फरक आपोआप भरून निघतो. दर परिसंवादात कोणीतरी हे समजावतो, पुढच्या परिसंवादात कोणीतरी पुन्हा विचारतो.

जुन्या तारखा टाकायच्या? एकाच हंगामात पिकलेल्या धान्याच्या दाण्यावरची ±१०० मला तुळईवरच्या ±१५ पेक्षा प्यारी आहे.

काटेकोरपणा हवाच, पण जिथे तो कामी येतो तिथे. न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे लोखंडी हत्याराने तोडलेली लाकडे मिळाली. इ.स. ९९३ मध्ये कार्बन-१४ एकाएकी उसळला होता. ते वलय सापडले, तिथून सालीपर्यंत २८ वलये मोजली आणि झाडे तोडल्याचे वर्ष निघाले १०२१. एकेक वलय तपासायला चांगले यंत्र लागलेच, पण साल शाबूत असलेले लाकूड त्याआधी कोणीतरी जपून ठेवले होते. आपल्याकडे निदान दाणे तरी थराथराच्या क्रमाने मोजू या. यंत्राच्या अर्जावर मी आनंदाने सही करीन. उत्खननात माती चाळून दाणे कोणी वेगळे ठेवलेत, तेवढे आधी कळवावे.