पंचांग कोणाचं?

"निव्वळ आफ्रिका आहे हो ती वाडी!"

पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखान्यात चहाचे कप फिरत असताना हे वाक्य कानावर आलं. बोलणारा माणूस वाईट नव्हता. अंगणात कच्च्या मूर्ती रांगेने वाळत होत्या आणि विषय निघाला होता डोंगराकडच्या एका कातकरी वाडीचा. दिवाळी सरली की ती वाडी रिकामी होते. शाळेत नाव असलेली पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मग चौघांनी चार मतं टाकली. पहिला म्हणाला, त्यांनाच शिकायचं नसतं. दुसरा म्हणाला, सरकारने सगळं फुकट दिलंय, आता आणखी काय करायचं? तिसऱ्याने आश्रमशाळेचा उपाय सुचवला. चौथा हिशोबी होता. पाच-सात पोरांसाठी शाळा चालवणं त्याला पैशाची नासाडी वाटत होती.

ही मतं त्या चौघांचीच असती तर चहाबरोबर संपली असती. पण हीच मतं कचेरीत आणि चर्चासत्रात ऐकू येतात. तिथे शब्द तेवढे गुळगुळीत असतात. म्हणून हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेता येत नाही. त्यात तथ्याचे कणही आहेत. वाडीत दारू आहे. मुलींची लग्नं कोवळ्या वयात होतात. पावसाचा चिखल तुडवत वाडी गाठणारे आणि पटावरची नावं गळताना पाहून खरोखर हळहळणारे गुरुजीही आहेत. हे सगळं मान्य करूनही मी म्हणतो, की चारही मतं चुकीची आहेत आणि चारींच्या बुडाशी एकच चूक आहे.

आधी 'त्यांनाच शिकायचं नसतं' हे मत घेऊ. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणं हा त्यांचा पूर्वीचा धंदा. त्यावरूनच त्यांना नाव पडलं. इंग्रजांच्या जंगल कायद्यांनी जंगल हातचं गेलं आणि बहुतेकांना जमीन कधी मिळालीच नाही. भाताची लावणी आटोपली की वाडीत हाताला काम नसतं. पावसाळ्याची ओढाताण सुरू होते आणि नेमका तेव्हाच भट्टीचा मुकादम उचल घेऊन येतो. जोह्यात भाद्रपदाच्या आसपास वर्षभराच्या मेहनतीचा पैसा घरात येतो. वाडीत त्याच दिवसांत कर्ज येतं.

उचल घेतली की दिवाळीनंतर भट्टी गाठावीच लागते. तिथे मजुरी हजार विटांच्या हिशोबाने. नवराबायको पहाटेच्या अंधारात विटा पाडायला बसतात. हातात येते ती फक्त आठवड्याची खर्ची. खरा हिशोब हंगामाच्या शेवटी होतो आणि त्यात उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीची भट्टीही ठरून जाते. मुलं कच्च्या विटा उलटतात, धाकट्याला सांभाळतात. वेठबिगार 1976 च्या कायद्याने बंद झाली. तरी ज्या आगाऊ रकमेने माणसाची जागा, काम आणि पुढचा हंगाम बांधला जातो तिला काय म्हणायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. मुलाची शाळा दिवाळीत सुटलेली दिसते. प्रत्यक्षात ती उचल घेतली त्याच दिवशी सुटलेली असते. याला शिक्षणाची नावड म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याची आवड नाही म्हणण्यासारखं आहे.

ज्या आफ्रिकेचा दाखला देऊन वाडीला हिणवलं गेलं, तिकडेच पाहू. आफ्रिका हा 54 देशांचा खंड आहे, हे तूर्त बाजूला ठेवू. मलावी हा जगातल्या अत्यंत गरीब देशांपैकी एक. तिथे 1994 मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द झाली. पट सुमारे 19 लाखांवरून जवळपास 30 लाखांवर गेला. केनियाने 2003 मध्ये फी काढली, तेव्हा दहा लाखांहून अधिक नवी मुलं वर्गात आली आणि पुढच्या वर्षी 84 वर्षांचे किमानी मारुगे गणवेश घालून पहिलीच्या बाकावर बसले. गरिबाला शिकायचं नसतं, या समजुतीला या दोन देशांनी पट दाखवून उत्तर दिलं आहे.

आणि घरातलंच पाहू. श्रावणात कारखान्यातला मुलगा रात्र रात्र रंगकामाला बसतो, शाळेत पेंगतो, कधी दांडीही मारतो. त्याला शिक्षणाची आवड नाही असं कोणी म्हणत नाही. 'घरच्या धंद्याला हात लावतो' असं कौतुकाने म्हणतात. कारखान्याच्या हंगामाला मान आहे आणि भट्टीचा हंगाम तेवढा आळशीपणा ठरतो, हा न्याय कुठला?

दुसरं मत, सगळं फुकट दिलंय. खरं आहे. पुस्तकं फुकट, गणवेश फुकट, दुपारचं जेवण फुकट. मात्र हे सगळं जिथे मिळतं तिथे मूल नाही. खिचडी पेणच्या वाडीत शिजते आणि मूल पनवेल-भिवंडीकडच्या एखाद्या भट्टीवर असतं. जूनमध्ये त्याला पुस्तक मिळतं. दिवाळीपर्यंत त्याची पुढची पानं मळतात आणि मागची कोरीच राहतात. पुढच्या जूनला त्याला वरचा वर्ग आणि नवं पुस्तक मिळतं, त्याचीही अर्धीच पानं मळतात. चौथी संपेपर्यंत या मुलाने चार वर्षं शिकून दोन वर्षांचंच शिक्षण घेतलेलं असतं, तेही तुकड्यातुकड्यांनी. अर्धी बेरीज, अर्धी वजाबाकी. मग आपण म्हणतो, डोकं चालत नाही.

मलावीनेच याचीही दुसरी बाजू दाखवली. फी गेली, पण वर्ग आणि शिक्षक त्या प्रमाणात वाढले नाहीत. एकेका वर्गात शंभराच्या वर मुलं कोंबली गेली आणि पुष्कळशी पहिल्या दोन-तीन इयत्तांतच गळाली. दार फुकट उघडल्याने मूल आत येतं. आत टिकण्यासाठी आणखी काही लागतं.

त्यातलं एक म्हणजे भाषा. वाडीतलं मूल घरी कातकरी बोलतं. पहिल्या दिवशी त्याच्या कानावर पडते ती पुस्तकी मराठी आणि त्याच्या बोलीला वर्ग हसतो. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी लिहून ठेवलं आहे, की त्यांच्या लहानपणी शाळेच्या आवारात गिकुयू ही आपली मातृभाषा बोलणाऱ्या मुलाला छड्या बसत किंवा 'मी मूर्ख आहे' अशा मजकुराची पट्टी गळ्यात अडकवली जाई. आपण पट्टी अडकवत नाही. आपल्या हसण्यानेच ते काम होतं. घरच्या भाषेतून शिकणं जमेल तितकं मुलाला मिळावं, असं आपला शिक्षणहक्क कायदाही म्हणतो.

तिसरं मत आश्रमशाळेचं. आश्रमशाळांनी पहिल्या पिढीचे शिक्षक, परिचारिका, कारकून घडवले. ते श्रेय नाकारणं कृतघ्नपणा होईल. दहा-बारा वर्षांच्या मुलाला चांगलं वसतिगृह मिळालं तर ते वरदानच आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडणं हा पहिला उपाय कसा असू शकतो? जोह्यातल्या कोणत्या घराने आपलं सहा वर्षांचं पोर शिकण्यासाठी दूर ठेवलं असतं? जे आपल्याला चालणार नाही ते दुसऱ्याला चालेल असं मानणं, हीच 'आफ्रिका' शब्दामागची नजर आहे.

चौथं मत पैशाचं आणि हेच सर्वांत घातक, कारण त्याच्या मागे सरकारी शिक्का उभा राहू शकतो. 2017 मध्ये राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1300 शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय घेतला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव आला आणि अशा शाळांची संख्या पंधरा हजारांच्या घरात होती. कागदावर हिशोब सोपा दिसतो. पण वाडीचा पट कमी का, हे कोणी विचारलं? मूल भट्टीवर गेलं म्हणून पट घटला आणि पट घटला म्हणून शाळा हलली, तर परतलेल्या मुलासाठी उरलं काय? ओढ्याला पूर आला की शेजारच्या शाळेपर्यंतचे दोन किलोमीटर म्हणजे दुसरा तालुका असतो. आणि वाडीतलं मूल पूर्णवेळ वाडीत असतं ते नेमकं पावसाळ्यात!

आता चारही मतांच्या बुडाशी असलेली ती एक चूक. सगळे गृहीत धरतात की शाळेचं वर्ष अढळ आहे आणि मुलाने त्यात बसायचं आहे. न बसलं तर दोष मुलाचा, आईबापांचा, जातीचा, नाहीतर खर्चाचा. माझं म्हणणं उलट आहे. शाळेने मुलाच्या पंचांगाप्रमाणे चालावं.

हे कोणाला समजावं, तर जोह्याला. इथला कारखानदार गिऱ्हाईकाच्या पंचांगावर जगतो. विसर्जनाला फार दिवस होत नाहीत तोच पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात. परदेशी जाणारी मूर्ती समुद्रमार्गे वेळेत पोचायची म्हणून कित्येक महिने आधी तयार करावी लागते. गणपती तर पावसाळ्यात येतो आणि मूर्तीला ऊन लागतं. म्हणून कोणी गणपतीची तिथी हलवा असं म्हणत नाही. कारखानदार कामाचं वर्ष उलटं आखतो. एवढी साधी अक्कल शाळेच्या बाबतीत कुठे जाते?

'हे नियमात बसत नाही' असं उत्तर येईल. नियम वाचू या. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं हे त्यातलंच एक. शाळेचं वार्षिक वेळापत्रक ठरवणं हेही त्यातलंच. पहिली ते पाचवीसाठी कायदा वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास मागतो. ते कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या छपराखाली भरायचे, हे तो सांगत नाही.

आणि हे कोणी कधी केलंच नाही असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. मूल कुरणात, म्हणून शाळा कुरणात. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने 1990 च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. भट्टीवर मजूर ज्या झोपडीत राहतात तो भोंगा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. नायजेरियाने 1989 मध्ये गुरांमागे फिरणाऱ्या फुलानी पशुपालकांच्या मुलांसाठी राष्ट्रीय आयोगच नेमला आणि तळ हलला की घडी करून नेता येतील अशा वर्गखोल्या केल्या. पैसा आणि शिक्षक कमी पडल्याने तिथेही काम रखडलं, हे लपवायचं कारण नाही. पण शाळा मुलामागे चालली पाहिजे हे तत्त्व तिथे देशाने मान्य केलं. आपल्याकडे ते संस्थांच्या पदरमोडीवर आणि तात्पुरत्या योजनांवर सोडलं गेलं.

'भट्ट्या विखुरलेल्या, दरवर्षी जागा बदलणाऱ्या, शोधायच्या कुठे?' हा शेवटचा आक्षेप. भट्टीसाठी उचललेली माती गौण खनिजात मोडते आणि तिचा हिशोब महसूल खातं ब्रासमध्ये ठेवतं. मातीच्या ब्रासाची नोंद तहसील कचेरीत सापडते आणि त्या मातीत खेळणाऱ्या मुलाची सापडत नाही, ही अडचण भूगोलाची म्हणता येणार नाही. भट्टीच्या परवानगीच्या कागदावरच मुलांची यादी मागितली, तर कोणती शाळा कुठे हवी हे दिवाळीतच कळेल. त्या शाळेवर कातकरी बोलणारा, वाडीतलाच दहावी-बारावी झालेला तरुण किंवा तरुणी मदतनीस म्हणून नेमावी. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं, की शिक्षक शक्यतो कष्टकरी वर्गातूनच यावेत. ज्या घरात आजी-आजोबा मागे राहतात तिथे हंगामी वसतिगृहाची सोय व्हावी. आणि पावसाळ्यात रोजगार हमीचं काम व वेळेवर रेशन मिळालं, तर उचलीची दोरीच सैल होईल. शाळा वाचवण्याचं निम्मं काम शाळेबाहेर आहे.

जोह्यात मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी आखतात. आखणीचा हात सगळ्यांत कसबी लागतो, कारण तोवर मूर्ती सुबक असली तरी ती पाहत नसते. आपली शिक्षणव्यवस्था तशीच आहे. साचा, रंग, दागिने सगळं जागेवर. दिवाळीनंतर वाडीच्या तोंडाशी ट्रक लागतो. त्यात गोधड्या चढतात, भांडी चढतात, टोपलीखाली कोंबड्या चढतात, वर पोरं चढतात. त्या ट्रकमागे शाळेचा हजेरीपट गेला, तरच या व्यवस्थेला डोळे आहेत असं म्हणता येईल.