बटण कोणी दाबायचं?

आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. पेशंटला चहासोबत ब्रेड ठरलेलाच! २०१६ साली कॅन्सरच्या शंकेवरून ब्रेडमधल्या पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी आली, तेव्हा घरच्या ब्रेडचं महत्त्व अनेकींना पटलं.

ब्रेड मशिनमध्ये पाणी, पीठ, मीठ, साखर, तेल, यीस्ट मोजून घातलं, की मळणं, फुगवणं, भाजणं तीन-चार तासांत आपोआप होतं. नुसत्या कणकेचा ब्रेड जड होतो. निम्मा मैदा घालावा.

पण मैत्रिणींनो, मिक्सर आला, कुकर आला, तरी स्वयंपाक बाईच्याच गळ्यात राहिला. इथे तर लाटणंही नाही. मग 'आम्हाला जमत नाही' ही पुरुषांची सबब कशी चालेल? मोजायला, भांडं धुवायला नवऱ्याला, मुलाला शिकवा. ते तयार नसतील, तर मशिन घेऊच नका!