नाव काय बरं यांचं?

परवा खंडाळ्याला गाडी थांबून राहिली. धुकं इतकं, की सिग्नल तर सोडाच, फलाटाचं दुसरं टोकही दिसेना. समोरच्या काकूंनी मोबाइलवर ‘जब वी मेट’ लावला होता. रात्रीच्या फलाटावर एकट्या मुलीला शहाणपण शिकवणारा स्टेशनमास्तर आला तशा त्या थबकल्या. ‘अहो, हे आपलेच ना? नाव काय बरं यांचं?’ किशोर प्रधान. जेमतेम दोन मिनिटांचं काम, पण चष्म्याआडून बघण्याची ती मिश्कील तऱ्हा २००७ पासून लोकांच्या डोक्यातून जात नाही. ही तऱ्हा काही त्या दिवशी सेटवर सापडलेली नव्हे. ‘काका किशाचा’सारखे फार्स, दूरदर्शनचा ‘गजरा’, भरत दाभोळकरांचे हिंग्लिश प्रयोग आणि मधल्या वेळात जाहिराती, अशी सगळी घासपूस झालेली ती. जाहिरातीत तर अर्ध्या मिनिटात माणूस उभा करायचा. तिथे नाटकातला लांबलचक पॉज कोण देतो? अशांचा चेहरा ओळखीचा, नाव मात्र आठवत नाही; रेडिओवाल्यांचं दुखणं उलटं. ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी घरोघरी पोचले, पण त्यांना आवाज देणारे बाळ कुडतरकर शेजारी येऊन बसले असते तर बोलेपर्यंत कुणी ओळखलं नसतं. प्रधान २०१९ च्या जानेवारीत गेले. काकूंना नाव सांगितलं. ‘हां, तेच ते!’ म्हणत त्यांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला, आणि तेवढ्यात गाडी सुटून बोगद्यात शिरली.