विजेचीही एकाधिकार खरेदी



ज्याच्या मालाला एकच गिऱ्हाईक, त्याची गत काय होते हे कापूसवाल्याला सांगावे लागत नाही. १९७२ पासून वर्षानुवर्षे आपण एकाधिकार खरेदी भोगली. राज्याची हद्द ओलांडून कापूस नेला तर गुन्हा! नेपाळच्या विजेची गत आज जवळपास तीच आहे, आणि तिथला एकाधिकारी आपले दिल्लीचे सरकार आहे.

नेपाळची वीज नद्यांवरची. पावसाळ्यात वापरून उरते. हिवाळ्यात पाणी आटले की तोच देश भारताकडून विकत घेतो. ढल्केबर ते मुझफ्फरपूर ही मोठी तार २०१६ मध्ये सुरू झाली. पण आपल्या वीज बाजारात माल आणायची परवानगी मिळायला २०२१ उजाडले. तीही ३९ मेगावॅटला, त्रिशूली आणि देवीघाट या दोन प्रकल्पांना. दोन्ही भारताच्याच मदतीने बांधलेले! चीनचा पैसा किंवा चिनी कंत्राटदार असलेल्या प्रकल्पाची वीज चालणार नाही, असा दंडक. ओल आहे म्हणून गाडी परत लावणारा खरेदी केंद्रावरचा ग्रेडर आठवतो ना? कापसात निदान ओल असू तरी शकते. तारेतली वीज कोणत्या प्रकल्पाची, हे कोणी ओळखून दाखवावे.

बांगलादेशाला वीज हवी, पण मधे सिलिगुडीची चिंचोळी पट्टी भारताची. तीन देशांचा करार व्हायला ऑक्टोबर २०२४ लागला. त्या १५ नोव्हेंबरला एक दिवस वीज गेली आणि करारातला हंगाम संपला. पुन्हा सुरू झाली ती १५ जून २०२५ ला. किती? ४० मेगावॅट. बहरामपूर ते भेडामारा ही तार १,००० मेगावॅटची आहे.

चिमूटभरच. तरी मी ती मोठी गोष्ट मानतो. नेपाळला दुसरे गिऱ्हाईक मिळाले.

आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका फटक्यात बंद झाली, ती याच दिल्लीतून. शेजाऱ्याचा माल अडवायची चटक लागलेले सरकार घरच्या शेतकऱ्याला सोडत नाही.

तारेचे भाडे भारताने खुशाल घ्यावे. नाक्यावर टोल घेतात, गाडीतले बोंड कुणाच्या वावरातले हे विचारत नाहीत. बहरामपूरच्या तारेत जागा असेल तेवढी वीज नेपाळने ढाक्याला विकावी, भाव त्या दोघांनी ठरवावा.