दोष भंगाराचा नव्हे, निवडीचा

संपादक महोदय,


भंगारापासून केलेलं पोलाद कमअस्सल असतं, असं म्हणणारं गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. कोल्हापुरात शिरोलीला २२ वर्षं ओतकामात आहे, म्हणून लिहितो.

पत्रलेखकांचं एक म्हणणं खरं आहे. इंडक्शन भट्टी धातू वितळवते, शुद्ध करत नाही. तांबं एकदा लोखंडात मिसळलं की आमच्या कुठल्याच भट्टीत ते निघत नाही, आणि असं पोलाद तापवून लाटताना त्याला चिरा पडतात. पण तांबं आत गेलंच कसं? मागच्या महिन्यात आलेला एक दाबलेला गठ्ठा फोडला, तर आत अख्खी मोटर, गुंडाळीसकट! काट्यावर तिचं वजन लोखंडाच्या भावानं मोजलं गेलं होतं. आमच्याकडच्या मावशींनी छिन्नी-हातोडी घेऊन ती सोडवली. तांबं एका घमेल्यात, पत्रा दुसऱ्यात.

मग भंगार वापरायचंच कशाला? खनिजापासून पोलाद करताना टनामागे साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण खनिजातला ऑक्सिजन कोक जाळून काढावा लागतो. भंगारात ते काम आधीच झालेलं असतं. वीज कोळशाची असली तर फायदा घटतो, हे मान्य. तरी तो उरतो.

जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण २०२१ मध्ये आलं. आता निवड सुधारायची तर गाडी दाबण्याआधी वायरिंग आणि मोटारी काढणं सक्तीचं करा, गठ्ठ्यासोबत मालाची चिठ्ठी द्या, आणि भंगार निवडणाऱ्या बायकांना कुशल कामगाराची मजुरी द्या.

आपला,
एक ओतकाम व्यावसायिक, कोल्हापूर