दागिने तिचे, मग जकात कुणाची?

रमजान आला की अनेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब निघतो. घरातला कर्ता पुरुष दुकानातला माल, बँकेतली शिल्लक, आईचे आणि बायकोचे दागिने असं सगळं एकत्र धरतो, अडीच टक्के काढतो आणि मोकळा होतो. हे सोयीचं असलं तरी हिशेब चुकतो. जकात कुटुंबावर नसतेच. संपत्ती ज्याच्या मालकीची, त्याच्यावर ती असते.

मेहर, माहेरून आलेलं सोनं आणि स्वतःची कमाई बायकोची. त्यामुळे तिचा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, वेगळा मोजायचा. सोन्यासाठी तो ८७.४८ ग्रॅम आहे, चांदीसाठी ६१२.३६ ग्रॅम. इथे तोळ्याचा घोळ होतो. किताबांत सोन्याचा निसाब साडेसात तोळे लिहिलेला असतो, पण तो जुना, साधारण ११.६६ ग्रॅमचा तोळा. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, म्हणजे मर्यादा जवळपास पावणेनऊ तोळ्यांची.

समजा, सुनेकडे ६ तोळे आणि सासूकडे ५ तोळे सोनं आहे. एकत्र धरलं तर जकात लागते. वेगळं धरलं आणि दोघींकडे रोकड किंवा चांदी काहीच नसेल, तर एकीवरही लागत नाही. सोन्यासोबत रोकड असेल तर मात्र हनफी उलेमा सहसा चांदीचा निसाब लावतात, आणि तो लगेच ओलांडला जातो.

आता कोकण. तिथले मुस्लिम बहुतांश शाफई. या पंथाच्या प्रचलित मतानुसार अंगावर वापरायच्या दागिन्यांवर जकात नाही. हनफी मतात ती आहे, दागिने घाला किंवा कपाटात ठेवा.

जकात तिच्यावर आली आणि तिच्याकडे रोख पैसे नसतील, तर तिच्या संमतीने नवरा भरू शकतो. अडचण या संमतीपाशीच आहे. तिला विचारतं कोण? दुकानासाठी गहाण ठेवताना ‘घरचं सोनं’ आणि जकातीच्या वेळी ‘तिचं सोनं’, हे चालायला नको. सोनं तिचं असेल तर ते मोडायचं की ठेवायचं आणि जकात कुणाला द्यायची, हेही तिनेच ठरवावं.

कुणाला द्यायची, यालाही नियम आहेत. आईवडील, मुलं आणि नातवंडांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ, बहीण, मावशी, आत्या यांना चालते. उलट नातेवाइकाला दिलेल्या दानाचं पुण्य दुहेरी, असं हदीस सांगते. तरीही दारात येणारी पावतीपुस्तकं आधी फाडली जातात आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारी विधवा बहीण यादीत नसते. कारण बहुतेकदा संकोचाचं असतं, तिला वाईट वाटेल म्हणून. खरं तर देताना ‘ही जकात आहे’ असं सांगायची गरजच नाही. ईदी म्हणून हातावर ठेवली तरी देणाऱ्याची नियत पुरेशी मानली जाते.