अभयारण्यांत काय पाहावें?

सुटी लागली कीं घरोघरीं सहलीचा वाद सुरू होतो. मुलांना वाघ हवा, वडीलमंडळींना देवदर्शन. बुलढाण्याकडे निघालेल्या वाचकांस आमचें सांगणें असें कीं, ज्ञानगंगा अभयारण्यांत केवळ वाघासाठीं जाऊं नये. 2019 सालीं यवतमाळकडील टिपेश्वरच्या अरण्यांतून एक तरुण वाघ, मुलूख आणि जोडीदारीण शोधीत, सुमारें 1300 किलोमीटर चालून येथें आला. येथें वाघीण नव्हती.  ज्याला येथें जोडीदारीण मिळाली नाहीं, त्याची वाट पाहत आपण कां बसावें? अस्वल, नीलगाय, चौशिंगा हे येथले खरे घरधनी. पहाटे पाणवठ्याजवळ मुकाट्यानें थांबणाऱ्यास त्यांचें दर्शन घडण्याचा संभव अधिक. (आमच्या मोठ्या कुटुंबांना हें मौनच अवघड!)

लोणारचें विवर हेंही अभयारण्यच. उल्कापातानें काळ्या खडकांत पडलेला जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खळगा कांठावरूनही पोटभर पाहतां येतो. मात्र दोन्ही ठिकाणें एकाच दिवशीं गांठण्याचा हट्ट धरूं नये. गुडघे दुखणाऱ्या आजींना खालीं कमळजादेवीच्या देवळापर्यंत नेऊं नये. परतीची चढण त्यांना सोसणार नाहीं. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव देऊळ त्यांनीं निवांत पाहावें. त्यांच्यासोबत कोणी थांबावें, हें मात्र निघण्यापूर्वींच ठरवावें. नाहींतर तें काम न बोलतां धाकट्या सुनेकडे जातें, आणि विवर पाहण्याची हौस बहुधा तिलाच सर्वांत जास्त असते. एखाद्या थोरल्या चिरंजीवानें त्या दिवशीं आजींपाशीं बसावें.